एका गोलाचा सीझन

निझवा, ९ ऑक्टोबर २०२५

मेहनाज आपा,

सलाम. लिहावा लागतो म्हणून लिहिलाय, मनातून आलेला नाही.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, मग मी तुला केलं, त्यामुळे आता कागदच उरला. हा कागद यूनुसच्या पिकअपमधून येईल. दर शुक्रवारी तो तुमच्या खाबुऱ्याहून मासळी घेऊन इथल्या बाजाराला येतो आणि रिकामे खोके घेऊन परत जातो. कागदाला वास आला तर नाक मुरडू नको. आपण दोघी श्रीवर्धनच्या बंदरावर वाढलो. मस्कतच्या डॉक्टरची मुलगी सून म्हणून आणलीस, म्हणून काही नाक बदलत नाही.

अयानचा निकाह झकास झाला म्हणे. ऐकून बरं वाटलं, असं मी लिहिणार नाही. तू लोकांना सांगत फिरतेस की "खतिजाच उगाच रुसली, मी कुठे काय बोलले." तू काय बोललीस ते लिहून ठेवते, म्हणजे तुझी आठवण ताजी राहील.

माझी हिबा जन्मली तेव्हा तिच्या मनगटात चांदीचं कडं कुणी घातलं? तू. "ही माझी सून, हिला कुणी नजर लावू नका," हे कोण म्हणालं? तू. मी तुझ्या पाया पडायला आले नव्हते. वीस वर्षं सगळ्या नातेवाइकांत तू ते मिरवलंस. मग अयानला मस्कतहून स्थळ आलं आणि तुझी जीभ फिरली. बरं, फिरली तर फिरली. नशिबापुढे कुणाचं चालतं? घरी येऊन, माझा हात धरून म्हणाली असतीस, "खतू, मुलाचं मन तिकडे आहे," तर मी रडले असते, तुला चार शिव्या घातल्या असत्या आणि मग चहा टाकला असता.

पण नाही. भर मंगनीच्या जेवणात, मस्कतच्या त्या हॉलमध्ये, सगळ्या कोकणी बायका बसलेल्या असताना कुणीतरी विचारलं, "अयानचं तर खतिजाच्या हिबाशी ठरलं होतं ना?" आणि तू हसून म्हणालीस, "अर्धी चड्डी घालून मैदानात पळणारी पोरगी माझ्या घरात नको गं बाई."

हिबा तुझ्या मागे उभी होती. हातात बिर्याणीचं ताट घेऊन, तुझ्याच पाहुण्यांना वाढत.

कसली अर्धी चड्डी गं? खाली घोट्यापर्यंत टाइट्स असतात, वर पूर्ण बाह्या असतात, डोक्याला हिजाब असतो. तू स्वतः पाहिलंयस. कारण त्याच कॉलेजात, त्याच फुटबॉल टीममध्ये, तेच कपडे घालून तुझी रुबिना पळते! हिबा मधून बॉल पुढे देते आणि तुझी रुबी गोल मारते. ती तुझी वाघीण आणि माझी बेशरम? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

आणि ती वाघीण दोन वर्षं कुणाच्या घरी राहून कॉलेजला जात होती? कुणाच्या हातची भाकरी खात होती? खाबुरा-निझवा रोजचं येणं-जाणं जमण्यासारखं नाही म्हणून तूच तिला माझ्याकडे ठेवलंस. मंगनीच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या नवऱ्याला, झुबेरभाईंना पाठवून तिचं सामान उचललंस आणि तिला हॉस्टेलवर टाकलंस. माझ्यासमोर यायला तोंड नव्हतं ना!

तर आता माझं ऐक. मी हिबाला शपथ घातली आहे. "रुबीशी एक शब्द जरी बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." तुझं माझं खलास, तर मुलींचंही खलास.

‘तुझी’ असं लिहीत नाही.

खतिजा

निझवा, ३१ ऑक्टोबर २०२५

मेहनाज आपा,

तुझी चिठ्ठी यूनुसने दिली. चार ओळी. मला वाटलं, माफी मागितली असशील. कसली माफी! विचारतेस काय, "टीमला काय झालंय? रुबी फोनवर रडते. एकही गोल होत नाही. तू मॅच बघायला जातेस ना, सांग जरा."

सांगते. आनंदाने सांगते. असं पत्र लिहायला मिळावं म्हणून माणसं नवस बोलतात.

मॅच मी सगळ्या बघते. भिंतींनी बंदिस्त मैदान, बघायला फक्त बायका, त्यामुळे आम्ही आया खजूर आणि काहव्याचा थर्मास घेऊन हक्काने बसतो. सीझनच्या पहिल्या मॅचला मी तुझ्या मुलीकडे बघायचंच नाही असं ठरवून गेले होते. पण बघितलं आणि काय दिसलं! पायांत पाय अडकल्यासारखी खेळत होती तुझी वाघीण. हिबा बॉल द्यायची, अगदी नीट द्यायची. माझी मुलगी बेइमान नाही. पण बॉल डावीकडे आणि रुबी उजवीकडे. बॉल लांब जायचा आणि रुबी जवळ यायची. एकदा तर बॉल तिच्या पाठीवर आपटला. मी खजूर तोंडात धरून बसले होते, चावायचा विसरले.

कोच मॅडम ट्युनिशियाच्या आहेत. बिचाऱ्या घसा फाडून ओरडत होत्या, "टॉक! यल्ला, टॉक!" बोला गं, बोला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तुला आठवतं, रुबी माझ्याकडे राहायची तेव्हा शुक्रवारी मी अंगणात मासे साफ करायला बसायची आणि ह्या दोघी तिथेच बॉल खेळायच्या? त्यांनी तिथे एक भाषा केली होती. जवळ छोटा पास हवा तर ‘कोलंबी’. लांब पुढे टाकते, पळ, तर ‘सुरमई’. आणि मागून कुणी अंगावर येत असेल तर ‘मुशी’. मुशी म्हटलं की रुबीने मागे बघायचं नाही, बॉलचा मोह धरायचा नाही, आधी बाजूला व्हायचं. हे मुशीचं मीच त्यांना सांगितलं होतं. आपण समुद्रात शिरलो की अब्बा किनाऱ्यावरून ओरडायचे ना, "मुशी आली, मुशी!" आणि आपण किंचाळत बाहेर पळायचो. खरी मुशी, शार्क-बिर्क, काही कधी आली नाही, पण आपण दर वेळी पळायचो.

गेले दोन सीझन तुझ्या मुलीने जे गोल मारले, ते असे मारले. समोरच्या ओमानी मुलींना कळायचंच नाही ह्या काय ओरडतायत. मॅच संपल्यावर आपल्या सईने एका गोलकीपरला अर्थ सांगितला, तर ती विचारते, "तुमच्या टीमला एवढी भूक का लागते?" सई म्हणजे आमची गोलकीपर, नागपूरच्या श्वेताताईंची मुलगी.

आता हिबाला शपथ आहे. एक शब्द नाही म्हणजे एक शब्द नाही. मी शपथ घातली तेव्हा घरातल्या अबोल्याचा विचार केला होता, मैदानाचा नाही, कसम से. पण अल्ला बघ कसा देतो. सुंठीवाचून खोकला गेला. तुझी मुलगी बहिरी झाली आणि मला बोटही उचलावं लागलं नाही.

तुला वाटत होतं ना, रुबी एकटीच हिरा आहे? तू सगळीकडे सांगतेस की डिसेंबरमध्ये सगळ्या कॉलेजांची मिळून एक टीम निवडणार, ती कतारला खेळायला जाणार आणि त्यात रुबीचं नाव नक्की. बघू या. गोल न मारणाऱ्या फॉरवर्डला कतारला कोण नेतं, ते मीही बघते.

तुला उपाय माहीत झाला आता. सोपा आहे. ज्या बायकांसमोर बोललीस त्यांच्यासमोर शब्द परत घे. तोपर्यंत तुझ्या घरी जशी सून गप्प, तशी इथे हिबा गप्प. हो, यूनुस सगळ्या बातम्या देतो. तीन आठवडे झाले, डॉक्टरची मुलगी तुझ्याशी धड बोलत नाही म्हणे. ऐकून फार वाईट वाटलं. नाही वाटलं.

खतिजा

निझवा, २१ नोव्हेंबर २०२५

मेहनाज आपा,

तू पाठवलेला ताबीज मिळाला. "रुबीच्या बुटात ठेव, कुणाची तरी नजर लागली आहे." वा गं वा! शपथ माझी आणि ताबीजही मीच बांधू? आणि नजर कुणाची, ते तुझ्या मनात काय आहे ते कळलं हो मला. ताबीज मी फेकला नाही. कुराणाची आयत आहे, म्हणून फळीवर ठेवलाय. ज्याचा त्याने न्यावा.

इब्र्याला मॅच होती. तिथेही शून्य. मुलींच्या आयांचा जो व्हॉट्सअॅप ग्रुप आहे त्यात रोज नवं संशोधन चालतं. एक म्हणते नवीन बॉल जड आहे. एक म्हणते टर्फ बदलल्यापासून पाय घसरतात. कुणी म्हणतं मुली डाएट करतात. कोच मॅडमनी आधी दोन फॉरवर्ड केल्या, मग तीन, मग मुलींना डोळे मिटून श्वास घ्यायला लावलं. मी ग्रुपवर अंगठा दाखवते आणि गप्प बसते.

आता तू खूश होशील अशी एक गोष्ट. इब्र्याच्या मॅचनंतर कोच मॅडमनी हिबाला बसवलं. त्यांचं म्हणणं, फॉरवर्डला बॉल मिळत नाही म्हणजे दोष मधल्या खेळाडूचा. माझ्या लेकीला बेंचवर बसवलं आणि तुझी अजून मैदानात! माझ्या पायाची आग मस्तकात गेली. मॅडमना जाऊन सांगणार होते की दोष कुणाचा ते. पण काय सांगू? "मीच शपथ घातली आहे"? ह्या बाईने मला वेड्यात काढलं असतं.

श्वेताताईंना मात्र सांगितलं. त्या इंजिनियर आहेत, इथल्या पाण्याच्या प्रकल्पावर काम करतात. आवाज चढवत नाहीत कधी. पण त्या दिवशी चढवला. म्हणाल्या, "अहो खतिजाताई, माझी सई मागे गोल अडवून अडवून मेली. पुढे कुणी एक मारत नाही. आणि कारण काय, तर तुमच्या दोघींचं लग्नाचं भांडण? मुलींनी काय घोडं मारलंय तुमचं?"

मी म्हटलं, "ताई, तुम्हाला आमच्यातलं कळायचं नाही."

"मला सगळं कळतं," त्या म्हणाल्या आणि थर्मास उचलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

घरी हिबाचे अब्बा म्हणाले, "खलास कर आता. अयान गेला तर गेला. आपल्या मुलीला काय कमी आहे?" ह्या माणसाला सगळंच नळाच्या पाइपासारखं वाटतं. गळतंय का, टेप गुंडाळा.

मग मी हिबालाच विचारलं. तिच्या खोलीत गेले. ती बूट पुसत बसली होती, खेळायला मिळत नाही तरी. मी म्हटलं, "बेटा, तुला अयानचं फार वाईट वाटलं का?"

तिचं मराठी तुला माहीतच आहे. म्हणाली, "अम्मी, अयान इज लाइक… भाई. मला त्याच्याशी शादी करायचीच नव्हती. आय वॉज सो हॅपी."

हसू नको. एवढं सगळं मी कुणासाठी करत होते? पण मग स्वतःला म्हटलं, तिचं सोड खतिजा, अपमान तर तुझा झाला. वीस वर्षं तुझ्या मुलीच्या हातात कडं होतं.

मी विचारलं, "मग तू रुबीशी बोलत का नाहीस? माझ्या शपथेला एवढी घाबरतेस?"

ती म्हणाली, "शपथ तर आहेच. पण खाला बोलली ना त्या दिवशी, ते मला एवढं नाही लागलं. खाला तशी बोलतेच. रुबी बाजूला उभी होती, अम्मी. सेम किट तिचा. सेम. ती एक वर्ड नाही बोलली."

समजलं? माझ्या शपथेची गरजच नव्हती. तू जेव्हा हसलीस तेव्हा तुझी रुबी गप्प बसली, आणि माझी हिबा आता मैदानात गप्प आहे. जसं पेरलं तसं उगवलं. तू मला विचारत होतीस ना, गोल का होत नाहीत? तुझ्या मुलीने तिच्या वाट्याचा एक शब्द त्या हॉलमध्ये वाचवला. तो आता कतारला जायच्या वेळी महाग पडतोय.

शेवटची मॅच पाच डिसेंबरला, इथेच निझव्याला. निवड करणारे लोक बघायला येणार आहेत. मी पहिल्या रांगेत बसणार. तुझ्या मुलीचं शून्य मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.

तुझ्या चिठ्ठीत होतं, "लहान बहीण असून एवढं विष?" हो, एवढं विष. दूध पाजलं होतं ना तुझ्या मुलीला दोन वर्षं, आता हेही चाखा.

खतिजा

निझवा, १२ डिसेंबर २०२५

मेहनाज आपा,

यूनुसला सांभाळून आणायला सांगितलंय, काच आहे. वर हे पत्र, खाली एक खोका. खोका पत्र वाचून झाल्याशिवाय उघडू नको. उघडलास तर तुला माझी… जाऊ दे, शपथा मी आता घालत नाही.

रुबीने तुला फोनवर सगळं सांगितलं असेल. पण तिला स्वतःला काय दिसलं? तिची तर पाठ होती. मी सांगते ते ऐक.

मी ठरल्याप्रमाणे पहिल्या रांगेत. खजूर नेले होते, चांगले, लग्नाला नेतात तसे. माझ्या मनात काय होतं ते तुला माहीत आहे, लपवत नाही. दुसऱ्या एका मुलीला ताप आला म्हणून मॅडमना हिबाला घ्यावंच लागलं. पहिला अर्धा भाग नेहमीसारखाच. हिबा बॉल देते, रुबी भलतीकडे. निवड करणाऱ्या दोघी बायका कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मी मनात म्हटलं, लिहा, नीट लिहा.

रुबी वाळली आहे, आपा. हॉस्टेलचं काय खाते कुणास ठाऊक. उजव्या घोट्याला पट्टी होती. हे मी तेव्हा बघितलं नव्हतं असं समज.

मॅच संपायला आली होती. हिबाने मधून लांब बॉल टाकला, सुरमई, पण न बोलता. रुबीला तो ह्या वेळी दिसला. ती गोलच्या दिशेने सुटली. मान वर, डोळे बॉलवर. आणि मागून दुसऱ्या टीमची एक मोठी मुलगी, आपल्या झुबेरभाईंएवढी असेल, बॉलसाठी नाही, रुबीसाठीच धावत येत होती. रुबीच्या पुढे गोलचा लोखंडी खांब. मला सगळं दिसलं. खांब, घोट्याची पट्टी, ती धावत येणारी मुलगी. ही आता रुबीच्या पाठीवर आदळणार आणि रुबीचं डोकं त्या खांबावर.

मी हिबाकडे बघितलं. तिलाही दिसलं होतं. तिने तोंड उघडलं. उघडलं, आपा, मी बघितलं. आणि मग तिने प्रेक्षकांत माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

माझी शपथ होती ना.

त्यानंतर काय झालं ते मला लोकांनी सांगितलं. मी उभी राहिले होते म्हणे, थर्मास सांडला होता, आणि मी ओरडले, "रुबी, मुशी! मुशी आली!"

अब्बांचा आवाज निघाला माझ्या घशातून. तसाच, किनाऱ्यावरून ओरडायचे तसा.

तुझ्या मुलीने मागे बघितलं नाही. बॉल सोडून सरळ डावीकडे सरकली, अंगणात शंभर वेळा सरकायची तशी. ती धिप्पाड मुलगी तिच्या बाजूने पुढे गेली आणि गोलकीपरवर जाऊन आदळली. दोघी कोसळल्या. बॉल मध्येच पडलेला. रुबीने दोन पावलं टाकली आणि हलकेच आत ढकलला. अख्ख्या सीझनमधला एक गोल.

मैदानात दंगा झाला. सई तिकडून आपला गोल सोडून धावत आली. कोच मॅडम मला विचारायला आल्या, "हा कुठला शब्द? काय अर्थ?" श्वेताताईंनी त्यांना इंग्रजीत समजावलं आणि माझ्या हातात रुमाल दिला. मी रडत नव्हते, घाम आला होता.

मॅच संपल्यावर रुबी जाळीशी आली. पलीकडे ती, अलीकडे मी. तिने जाळीत बोटं अडकवली. म्हणाली, "खाला, त्या दिवशी हॉलमध्ये मी बोलायला पाहिजे होतं. मी घाबरले. हिबाला काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, "जे आहे तेच दाखव. दुसरं कुठून आणशील?"

मागून हिबा आली. रुबीकडे न बघता मला म्हणाली, "अम्मी, टेक्निकली शपथ तू तोडली. मी नाही. आता तुझं मेलेलं तोंड कोण बघणार?" आणि मग दोघी अशा हसायला लागल्या, अशा हसायला लागल्या की मला तिथून निघून जावं लागलं.

आता ऐक. तुला आनंदाची बातमी आधीच कळली आहे. काल नावं लागली. रुबीचं नाव आहे. कतारला जाणार. हिबाचं नाही. तीन मॅच बेंचवर बसलेल्या मुलीला कोण घेणार? ज्या खड्ड्यात तुझ्या मुलीला ढकलायचं होतं त्यात माझी पडली. ते माझ्याच पदरात, त्याबद्दल तुला काही बोलणार नाही. हिबाही मला काही बोलली नाही. बूट पुसले, कपाटात ठेवले. मी विचारलं, राग आला? म्हणाली, "नेक्स्ट इयर." एवढंच. अख्खी रात्र मी त्या दोन शब्दांशी भांडत होते.

पण तुला मी सोडलेलं नाही. माफही केलेलं नाही, असं समजू नको. तुझ्या मुलीचा एकुलता एक गोल माझ्या तोंडचा आहे. ती कतारला जाते ती माझ्या आवाजावर. हे तू मरेपर्यंत ऐकशील. प्रत्येक ईदला ऐकशील. तुझ्या नातवंडांनाही मीच सांगेन.

आता खोका उघड.

टीमचा फोटो आहे. मोठा करून, फ्रेम करून आणलाय निझव्याच्या सूकमधून, चांगली लाकडी फ्रेम. पुढच्या रांगेत मधोमध तुझी रुबी आणि तिच्या खांद्यावर हात टाकून माझी हिबा. सेम टाइट्स, सेम बाह्या, सेम हिजाब. नीट बघ, एखादी अर्धी चड्डी सापडली तर कळव.

हा फोटो हॉलमध्ये लावायचा. आतल्या खोलीत नाही, हॉलमध्ये, जिथे डॉक्टरसाहेब आणि त्यांची बेगम येऊन बसतात त्या सोफ्यासमोर. ते विचारतील, "ही रुबिना, आणि तिच्या बाजूला ही कोण?" तेव्हा तू स्वतःच्या तोंडाने सांगायचं. ही माझ्या बहिणीची मुलगी. हिला मी नाकारली. का नाकारली, तेही सांगायचं, फोटोकडे बोट दाखवून. मला दुसरी माफी नको. यूनुस पुढच्या शुक्रवारी सुरमई द्यायला तुमच्याकडे आत येईल, त्याला मी बघून यायला सांगितलंय फोटो कुठे लागला ते.

रुबीचं सामान हॉस्टेलवरून माझ्याकडे आणलं, तुला न विचारता. आडवं येऊ नको. आज तिने माझ्या हातची भाकरी आणि मुशीचं कालवण खाल्लं, वाटी चाटून. जळ तू तिकडे.

तुझा तो ताबीज अजून फळीवर आहे. येऊन घेऊन जा. मी पाठवणार नाही.

तुझी, इलाज नाही म्हणून,

खतू